लाकूड की रेझीन? उघड्यावरच्या टिकी पुतळ्यांचे विज्ञान

प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर लाकडात आणि दगडात मानवाकृती कोरण्याची परंपरा फार जुनी आहे. मार्केसस बेटांवर अशा आकृतीला 'टिकी' म्हणतात. न्यूझीलंडच्या माओरी कथांमध्ये टिकी हे पहिल्या पुरुषाचे नाव आहे. हवाई बेटांवर याच शब्दाचे रूप 'किइ' असे होते. देवतांच्या आणि पूर्वजांच्या या प्रतिमा देवस्थानांच्या आवारात, ऊनपाऊस झेलत उभ्या असत. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही उपाहारगृहांनी हा आकार सजावटीसाठी उचलला आणि पुढे तो अमेरिकेतील हॉटेलांच्या आवारांत व घरांच्या बागांत पोचला.

आज असा पुतळा बागेत उभा करू पाहणाऱ्यासमोर दोन पर्याय असतात: ओंडक्यातून कोरलेला लाकडी पुतळा किंवा साच्यात ओतलेला रेझीनचा. "लाकूड कुजते, रेझीन कुजत नाही" असे उत्तर सहज दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर दोन्ही पदार्थांच्या अंतरंगात डोकवावे लागेल.

ओंडका तडकतो कशामुळे?

लाकूड म्हणजे उभ्या, बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे लांब रेणू धाग्यांसारखे असतात आणि लिग्निन हा पदार्थ त्यांना डिंकासारखा बांधून ठेवतो. काँक्रीटमधील सळया आणि सिमेंट यांची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. या भिंती लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरू शकतात. पाणी याहून कमी झाले की लाकूड आटू लागते.

गंमत अशी, की ते सर्व दिशांनी सारखे आटत नाही. लांबीत ते जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के आटते. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, साधारण ४ टक्के, तर वार्षिक वलयांच्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता एक हिशेब करू या. ओंडक्याची त्रिज्या १५ सेंमी असेल तर परीघ सुमारे ९४ सेंमी होतो. पूर्ण वाळल्यावर त्रिज्या ४ टक्क्यांनी घटून १४.४ सेंमी होईल. या त्रिज्येच्या वर्तुळाला ९०.५ सेंमी परीघ हवा. पण परिघावरचे लाकूड ८ टक्के आटल्यामुळे ते ८६.७ सेंमीच उरते. जवळजवळ ४ सेंमी लाकूड कमी पडले! उघड्यावर लाकूड पूर्ण कोरडे होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातील तूट निम्म्याच्या आसपास असते. पण ती भरून निघण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे भेग. अख्ख्या ओंडक्यातून कोरलेल्या पुतळ्याला भेग पडणे हा कारागिराचा दोष नसून भूमितीचा परिणाम आहे. जाणकार कारागीर पुतळ्याच्या पाठीवर गाभ्यापर्यंत एक उभी खाच आधीच घेऊन ठेवतो. आटण्याची सारी तूट त्या खाचेत उघडते आणि चेहरा शाबूत राहतो.

पाणी आणि बुरशी

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला अन्न, ऊब, हवा आणि पाणी या चारही गोष्टी लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. उलट, पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही. म्हणूनच जमिनीत रोवलेला खांब नेमका मातीलगत कुजतो, कारण तिथे खालून ओल आणि वरून हवा दोन्ही मिळतात. शिवाय लाकडाच्या कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असल्याने बाजूंपेक्षा तिथून पाणी पुष्कळच वेगाने आत शिरते.

उपाय यातच दडलेला आहे. पुतळा मातीत न रोवता दगडी बैठकीवर थोडा उचलून बसवावा आणि डोक्यावर उतार ठेवावा. आपल्याकडील जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा करत, त्यामागे हेच शहाणपण होते.

लाकडाची जातही महत्त्वाची. सागवानासारख्या झाडाच्या आतल्या पक्क्या लाकडात बुरशीला व वाळवीला न मानवणारी रसायने असतात, पण त्याच झाडाच्या सालीलगतच्या फिकट लाकडात ती जवळजवळ नसतात. फ्लोरिडात टिकी पुतळे ताडवर्गीय झाडांच्या खोडांतूनही कोरतात. या झाडांत असे पक्के लाकूड तयारच होत नाही. बाहेरचा भाग कठीण आणि आतला मऊ, सच्छिद्र असतो. असा पुतळा कोरायला सोपा, पण ओलीला लवकर बळी पडणारा.

ऊन: दोघांचा समान शत्रू

रेझीन म्हणजे आधी द्रवरूप असलेले बहुवारिक. त्यात योग्य रसायन मिसळले की रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जाऊन जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही. बागेतील स्वस्त पुतळे बहुधा पॉलिएस्टर रेझीनमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतलेले असतात. लाकडाच्या रेषा दिसतात त्या साच्याच्या, आणि रंग असतो तो फक्त वरच्या थराचा. बुरशी आणि वाळवी यांना हे जाळे सहजी पचत नाही. इथवर विक्रेत्याचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा विचार केला की चित्र बदलते. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांची ऊर्जा दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल पुरतात. अर्थात, किरण शोषला गेला तरच तो काही बिघडवू शकतो. बेंझीनचे षट्कोनी कडे असलेले रेणू हे किरण चांगले शोषतात. असे कडे लाकडातील लिग्निनमध्ये आहे, तसेच नेहमीच्या पॉलिएस्टर आणि इपॉक्सी रेझीनमध्येही आहे! निसर्गाने केलेला डिंक आणि कारखान्यात केलेला डिंक एकाच ठिकाणी दुबळे ठरतात.

परिणाम मात्र वेगळे दिसतात. लाकडात लिग्निन तुटते, पावसाने धुऊन जाते आणि पृष्ठभाग करडा होतो. ही झीज अगदी मंद असते. सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर. खरवडल्यास खाली ताजे लाकूड मिळते. पारदर्शक वार्निश मात्र इथे फसवे ठरते. किरण त्यातून आरपार जातात, खालचे लिग्निन तुटते आणि वार्निशाचे पापुद्रे सुटतात. रंगद्रव्य असलेले तेल त्याहून बरे.

रेझीन उन्हाने आधी पिवळे पडते, मग पृष्ठभागावरचे जाळे तुटून भुकटी सुटी होते. हात फिरवला तर बोटांना खडूसारखी पांढरी पूड लागते. त्यात उष्णतेची भर पडते. एक मीटर लोखंडी सळई ४० अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटर लांबते, तर भुकटी न मिसळलेले रेझीन २.४ मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. मजबुतीसाठी आत घातलेली सळई अशा रीतीने पुतळा तडकवू शकते. पोकळ पुतळ्यात पाणी साचून गोठले, तर बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि पुतळा फुटतो. म्हणून तळाला पाणी निचरण्यासाठी छिद्र हवेच.

मग निवड कशी करावी?

लाकडाचा मुख्य शत्रू पाणी, रेझीनचा मुख्य शत्रू ऊन. सावलीच्या, सतत ओल्या, वाळवीच्या जागी रेझीन अधिक टिकेल. उघड्या, उन्हाच्या पण निचरा होणाऱ्या जागी बैठकीवर बसवलेले पक्के लाकूड सरस ठरेल. दोन्हींना देखभाल लागते: लाकडाला तेलाची, रेझीनला अतिनील किरण अडवणाऱ्या रंगाची. फरक उरतो तो शेवटाचा. कुजलेले लाकूड मातीत मिसळते. रेझीनचे जाळे वितळवून पुन्हा ओतता येत नाही, त्याचे तुकडे आणि पूड तशीच मागे उरतात.

टिकणे म्हणजे काय, हा प्रश्नही येथे येतो. हवाईत १८१९ मध्ये जुने धार्मिक निर्बंध मोडले गेले, तेव्हा असंख्य प्रतिमा नष्ट करण्यात आल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली कू या देवतेची सुमारे २.७ मीटर उंच प्रतिमा वाचलेल्या थोड्यांपैकी आहे. ती कोरली आहे ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्याच्या लाकडात. ती टिकली ती छपराखाली. याउलट हवाई बेटावरील होनाउनाउ येथे समुद्रकाठी आज उभ्या असलेल्या प्रतिमा नव्याने कोरलेल्या आहेत. त्या झिजतात, तेव्हा पुन्हा कोरल्या जातात. तेथे टिकते ते लाकूड नव्हे, कोरण्याची विद्या.

या विद्येपुढे आता नवे संकट आहे. अशा प्रतिमांसाठी वापरले जाणारे ओहिया हे झाड गेल्या दशकापासून एका बुरशीजन्य रोगाने मोठ्या प्रमाणावर मरत आहे. रोग पसरू नये म्हणून २०१५ मध्ये हवाई बेटावरून इतर बेटांवर ओहियाचे लाकूड नेण्यावर निर्बंध घालावे लागले. बागेतल्या शोभेच्या पुतळ्यासाठी लाकूड नाकारता येईल. पण परंपरेतील प्रतिमेला रेझीन हा पर्याय होऊ शकतो का, हे ठरवणे प्रयोगशाळेचे काम नाही, ते त्या लोकांचे आहे.

वर्गात करून पाहा

१. वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. उघडा भाग पिवळा पडतो, कारण त्या स्वस्त कागदात लिग्निन उरलेले असते.

२. ताज्या फांदीची सेंटिमीटरभर जाडीची चकती कापून वाळू द्या. भेग गाभ्यापासून सालीकडे जाते की वलयांच्या दिशेने? कारण विद्यार्थ्यांना सांगू द्या.

३. सारख्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे वजन करून शाईच्या पाण्यात टेकवा, एक कापलेल्या टोकावर आणि दुसरा बाजूवर. तासाभराने पुन्हा वजन करा आणि पुतळा बैठकीवर का बसवायचा, ते विचारा.