भाडे चारशे, बिल सतराशे

आपल्या घरी पाहुणा आला की आपण त्याला तांब्याभर पाणी देतो, बसायला सतरंजी टाकतो. जाताना त्याच्या हातात पाण्याचे बिल देत नाही. पण आपणच परगावी गेलो की गोष्ट निराळी. तेथे खोली, गादी, गरम पाणी, सगळ्याला मोल असते. मोल असावे. तो धंदा आहे. लॉजवाल्यालाही वीज लागते, नोकर लागतात. आमची तक्रार मोलाविषयी नाही. आधी न सांगितलेल्या मोलाविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चामोर्शीकडचे. शेजारच्या शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांना छातीचे दुखणे लागले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी नागपूरला नेऊन तपासण्या करा म्हणून चिठ्ठी दिली. शेजारी म्हणाला, "गुरुजी, तुमी संग चला. मले तिथलं काई समजत नाही." धान विकून आलेले सात हजार रुपये त्याने बंडीच्या आतल्या खिशात ठेवले, वरून पिन लावली. आम्ही तिघे एसटीने निघालो.

तपासण्या दोन दिवस चालणार होत्या. भरती करून घेतले नाही. म्हणून दवाखान्याजवळच्या एका लॉजवर गेलो. गल्ल्यावरच्या माणसाने सांगितले, "खोलीचे चारशे रुपये रोज." सोमवारी संध्याकाळी सहा वाजता खोली घेतली. बुधवारी दुपारी दोन वाजता सोडली. आमच्या हिशेबी दोन दिवस, म्हणजे आठशे रुपये. हातात बिल आले ते सतराशेचे.

बिल असे होते. खोलीभाडे तीन दिवसांचे १,२०० रुपये. जादा गादी दोन रात्री, २०० रुपये. कूलर दोन रात्री, १६० रुपये. गरम पाण्याच्या चार बादल्या, ८० रुपये. आणि खाली 'सर्व्हिस' म्हणून ६० रुपये. बेरीज बरोबर होती. बेरजेत चूक नव्हती हो!

शेजारी काही बोलला नाही. त्याने बिलाकडे पाहिले, मग बाकावर बसलेल्या बापाकडे पाहिले. हळूच म्हणाला, "गुरुजी, मंग बाच्या दवाईले का उरते?"

आम्हाला लाज वाटली. अडतीस वर्षे आम्ही मुलांना हिशेब शिकवला. आणि चारशे रुपयांत काय काय येते, एवढा एक प्रश्न विचारायचे आम्हाला सुचले नाही.

आम्ही गल्ल्यावर जाऊन एकेक ओळ विचारली. तीन दिवस कसे? तो माणूस आम्हाला खोलीत घेऊन गेला आणि दाराच्या मागची पाटी दाखवली. इंग्रजीत, बारीक अक्षरात लिहिले होते, की येथे दिवस दुपारी बारा वाजता संपतो. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून जरा नीट समजून घ्या. काही लॉजवर तुम्ही खोली घेतल्यापासून चोवीस तास मोजतात. काही लॉजवर दिवस दुपारी बाराला, किंवा सकाळी दहालाही संपतो, मग तुम्ही आदल्या रात्री नऊला का आला असाल ना. आमचा तिसरा दिवस बुधवारी बारा वाजता लागला होता. त्या वेळी आम्ही दवाखान्यात रिपोर्टसाठी रांगेत उभे होतो. दोन तासांचे चारशे रुपये पडले. सकाळीच खोली सोडून पिशव्या गल्ल्यापाशी ठेवल्या असत्या, तर हे चारशे वाचले असते. खोली सोडल्यावर सामान तासभर ठेवू देतात. पण विचारावे लागते.

गादीचे पैसे आम्ही कबूल केले. पोराने रात्री "गादी आणू का?" म्हणून विचारले होते, आणि आम्ही "आण बाबा" म्हणालो होतो. फुकट आहे असे तो म्हणाला नव्हता, तसे आम्हीच धरून चाललो. गरम पाण्याचेही तसेच. कूलर मात्र खिडकीत बसवलेलाच होता, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी सांगितले नव्हते, कोठे लिहिलेही नव्हते. आम्ही त्याला तसे म्हटले. 'सर्व्हिस' म्हणजे काय हेही विचारले. तो म्हणाला, "सगळेच देतात." आम्ही म्हटले, "देतात ते खुशीने देतात. आमची खुशी नाही." त्याने थोडी कुरकुर केली, पण या दोन्ही ओळी खोडल्या. १,४८० रुपये देऊन आम्ही बाहेर पडलो.

आता ही खुशीची गोष्ट आमच्या मनातली नव्हे. तिला आधार आहे. खाणावळीत किंवा लॉजवर वाढणाऱ्याला, खोली झाडणाऱ्याला आपण खुशाली देतो. काही हॉटेलवाले ती आपणहून बिलात धरू लागले, शंभराला पाच, कोठे दहा. त्याला सर्व्हिस चार्ज म्हणतात. हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढल्या, की हॉटेलने हा आकार बिलात आपोआप धरू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. संघटनांनी पुढे अपील केले. पण "हा आकार काढून टाका" म्हणण्याचा आपला अधिकार न्यायालयाने मानला आहे, हे ध्यानात असू द्या. पोऱ्याने मनापासून वाढले असेल, तर दहा रुपये त्याच्याच हातात द्यावेत. बिलातले पैसे त्याच्यापर्यंत पोचतात की नाही, कोण जाणे.

जीएसटी मात्र खरा कर आहे. तो सरकारचा. त्यातही लोकांचा घोटाळा होतो. समजा दोनशे रुपयांचे जेवण झाले. साध्या हॉटेलात जेवणावर शंभराला पाच रुपये कर आहे, म्हणजे दहा रुपये. बिलावर तो दोन ओळींत लिहितात. सीजीएसटी पाच, एसजीएसटी पाच. एक वाटा दिल्लीचा, एक मुंबईचा. आमच्या वर्गातल्या एका आजींना वाटले, एकच कर दोनदा घेतला. तसे नसते. एकूण २१० रुपये झाले, तर हिशेब बरोबर आहे. पण त्याच बिलात वीस रुपये सर्व्हिसचे धरले आणि मग २२० रुपयांवर कर लावला, तर बिल २३१ होते. तेथे बोट ठेवावे.

लॉजच्या खोलीचेही असेच. रोजचे भाडे साडेसात हजार रुपयांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभराला पाच रुपये कर आहे. आपली खोली काही साडेसात हजारांची नसते, म्हणून पाचचाच आकडा पाठ करा. चारशेच्या खोलीला वीस रुपये. पण हा कर घ्यायचा तर दुकानाची नोंदणी झालेली असावी लागते. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर छापलेला असतो, आणि महाराष्ट्रातला नंबर २७ या आकड्याने सुरू होतो. साध्या कागदावर पेनाने 'जीएसटी' लिहून पैसे मागितले, तर विचारावे, "नंबर कोठे आहे?" लहान धंद्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नाही त्याला कर मागता येत नाही. काही लहान खाणावळींनी कराची ठोक रक्कम आपल्या खिशातून भरण्याची सवलत घेतलेली असते. त्यांनाही गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही.

पाण्याच्या बाटलीवर भांडणे फार होतात. बाटलीवर छापलेली किंमत सगळे कर धरून असते. बसस्टँडवरच्या टपरीत, दुकानात त्याहून एक पैसा जास्त घेता येत नाही. "थंड करायचे दोन रुपये" हे चालत नाही. पण हॉटेलात टेबलाशी बसून मागवली, तर गोष्ट वेगळी. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा देते, वाढते. म्हणून तेथे जास्त किंमत घेतली तर तो गुन्हा ठरत नाही. आम्हाला हा निकाल गोड लागला नाही, पण आहे तो असा आहे. घरून पाण्याची बाटली भरून न्यावी हे उत्तम.

आता नवी पोरे मोबाइलवरूनच खोली ठरवतात. पडद्यावर मोठ्या अक्षरात ५९९ रुपये दिसतात. नाव-गाव भरले की थोडे वाढतात. पुढच्या पानावर 'सोयीचा आकार' येतो. कोठे विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते. पैसे द्यायच्या वेळी आकडा आठशेच्या घरात. ठिबकच्या नळीतून थेंब थेंब पडतो ना, तसा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात ही थेंबाथेंबाची किंमत आहे, आणि न विचारता टोपलीत वस्तू सरकवणेही आहे. हे दुखणे आपल्याच मुलखाचे आहे असे समजू नका. अमेरिकेतल्या प्रवाशांनीही पुष्कळ ओरड केली, तेव्हा तेथल्या सरकारने १२ मे २०२५ पासून नियम लागू केला, की खोलीची किंमत दाखवताना सक्तीचे सगळे आकार धरूनच दाखवावी. सरकारी कर तेवढा वेगळा.

मोबाइलने पैसे दिले तर दोन टक्के जादा, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. आपण यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, तर १ जानेवारी २०२० पासून बँक त्याच्याकडून त्याचे काही कापत नाही. मग तो आपल्याकडून कशाचे घेतो?

भांडण न मिटले तर काय करावे? आधी पक्के बिल मागावे. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. मग १९१५ या नंबरवर फोन लावावा. ती ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येते. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, चंद्रपूरला आणि गडचिरोलीलाही. लॉज नागपूरचे असले तरी अर्ज आपल्या जिल्ह्यात करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. खरे सांगायचे तर साठ रुपयांसाठी कोणी आयोगाची पायरी चढत नाही. लॉजवाल्यालाही ते ठाऊक असते. पण गल्ल्यावर उभे राहून शांतपणे "१९१५ ला लावतो" म्हटले की पुष्कळ वेळा पेन खोडायला निघते.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोललीच पाहिजे. आता लॉजवाले आपल्यातलेच आहेत. ताडोबाला वाघ पाहायला दूरदूरचे लोक येतात. मोहर्ली, कोलारा या गावांत कितीतरी जणांनी खोल्या बांधल्या, कोणी जिप्सी घेतली, कोणी वाटाड्या झाला. तेथे येणारा पाहुणा अगदी आमच्यासारखीच कुरकुर करतो. जंगलात जायचे पैसे वेगळे, गाडीचे वेगळे, वाटाड्याचे वेगळे, खोलीचे आणखी वेगळे. यातले पुष्कळसे रास्त असते. पण त्याला ते एकेक करून कळते, आणि प्रत्येक वेळी त्याला आपण लुबाडले गेलो असे वाटते. एका खोलीवाल्याला आम्ही म्हटले, की दारावर मराठीत आणि हिंदीत पाटी लाव, चहापासून गादीपर्यंत सगळे लिही. तो म्हणाला, "गुरुजी, एवढं लिवलं तं गिऱ्हाईक पळन." आम्ही म्हटले, एक मोसम लावून पाहा. त्याने लावली. गिऱ्हाईक काही पळाले नाही म्हणतो, पण वाढले असेही म्हणत नाही. निघताना होणारी वादावादी तेवढी बंद झाली.

आमचा शेजारी मागच्या पौषात वडिलांना पुन्हा नागपूरला घेऊन गेला. या खेपेला आम्ही संगे नव्हतो. त्याने रात्रीच्या वर्गाच्या वहीत पाच ओळी लिहून नेल्या होत्या. दिवस किती वाजता संपतो. तिसऱ्या माणसाचे किती. गरम पाणी कसे. कूलर-पंखा भाड्यात आहे का. अनामत घेता तर पावती द्याल का. अक्षर वाकडेतिकडे, 'अनामत'चा 'त' विसरलेला. पहिल्या लॉजवर गल्ल्यावरचा माणूस कंटाळला, म्हणाला, "दुसरीकडे जा." तो दुसरीकडे गेला. तेथल्या बाईंनी त्याच्याच वहीत, त्याच्याच प्रश्नांपुढे आकडे लिहून दिले आणि खाली सही केली. दोन रात्रींचे नऊशे ऐंशी झाले. ती वही त्याने आम्हाला आणून दाखवली. 'अनामत'चा 'त' आम्ही लाल पेनाने घातला.