कॉन्सर्टनंतर कानात शिट्टी का वाजते? आणि ती थांबली म्हणजे कान ठीक झाला का?

शो संपतो. मैदानातले दिवे लागतात आणि हजारो माणसं एकदम गेटकडे सरकायला लागतात. शेजारचा मित्र काहीतरी विचारतो, तुम्ही 'काय?' म्हणता. तो पुन्हा ओरडतो. आवाज येतोय, पण कानावर कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखा. शेवटच्या लोकलमध्ये जरा गर्दी ओसरली, की लक्षात येतं, कानात एक बारीक शिट्टी वाजतेय. घरी येऊन पंखा लावून झोपलं तरी ती तशीच. सकाळी उठावं, तर गायब.

रॉक कॉन्सर्टला नेमाने जाणाऱ्यांना हे नवीन नाही. बरेच जण तर ते कौतुकाने सांगतात, 'काय साऊंड होता, दोन दिवस कान वाजत होते!' मीही सांगितलंय. कॉलेजात असताना एका फेस्टमध्ये स्पीकरला जवळजवळ टेकून तीन तास उभी होते आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरमधलं निम्मं ऐकू आलं नाही, याचा मला चक्क अभिमान होता.

मग ही शिट्टी असते तरी काय?

आपल्या आतल्या कानात शंखासारखा वेटोळं घातलेला एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो. तासन्‌तास प्रचंड आवाज आदळला, की पेशी थकतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश कमी होतो. म्हणून उशी दाबल्यासारखं वाटतं. शिट्टीबद्दल बहुतेक शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की कानाकडून येणारं कमी झालं म्हणून मेंदू स्वतःचाच व्हॉल्यूम वाढवतो आणि नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. याला टिनिटस म्हणतात.

थकलेल्या पेशी सावरतात. मेलेल्या मात्र परत येत नाहीत, माणसाच्या कानात त्या नव्याने उगवत नाहीत.

किती आवाज म्हणजे जास्त, याचं गणित सोपं आहे. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास. ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतं, असं कामगारांच्या सुरक्षेचे मापदंड मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत १०० डेसिबलला पोहोचलात, की हातात उरतात फक्त १५ मिनिटं. रॉक शोमध्ये १०० डेसिबल ही काही जगावेगळी गोष्ट नाही आणि शो चालतो दोन-अडीच तास.

तरीही आपल्याला मोठाच आवाज का हवा असतो? फक्त मस्ती म्हणून नाही. २००० साली मँचेस्टरच्या नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी दाखवलं, की सुमारे ९० डेसिबलच्या वर गेलेला बास आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागालाही चाळवतो. झोपाळ्यावर बसल्यावर जी गंमत वाटते, तिच्याशी या भागाचा संबंध आहे. म्हणजे छातीत धडधडणारा बास आणि पायांना आपोआप येणारा ठेका यांची मजा खरी आहे. 'आवाज कमी करा' असं सांगणाऱ्याला फॅन्स वैतागतात ते उगाच नाही.

एकेकाळी तर यावर शर्यतच होती. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर 'द हू' या बँडचा आवाज स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला आणि गिनीज बुकात गेला. पुढे गिनीजने ही नोंदच बंद केली, लोकांचे कान जातील म्हणून. याच बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड नंतर आपल्या टिनिटसबद्दल उघडपणे बोलू लागला. (त्याने दोष स्टुडिओतल्या हेडफोनलाही दिलाय, हे आपल्या पिढीने नीट ऐकावं.) एसी/डीसीचा ब्रायन जॉन्सन २०१६ मध्ये टूर अर्धवट सोडून बाहेर पडला, कारण डॉक्टरांनी बहिरेपणाचा इशारा दिला होता. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री ज्याच्यासाठी लोक जमले, त्या कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनलाही टिनिटस आहे. स्टेजवर तो कानात मॉनिटर घालून गातो. समोर नाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानात काही असतं?

'पण माझी शिट्टी तर सकाळी थांबली'

खरी गोम इथेच आहे. २००९ मध्ये अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत. पण त्या पेशींना मेंदूकडच्या नसेशी जोडणारे सांधे काही भागात निम्म्यापर्यंत नाहीसे झाले होते. माणसात हे नेमकं किती घडतं यावर अजून वाद आहे. मात्र शांत खोलीतल्या चाचणीत पास झालेला कान हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचं बोलणं पकडू शकत नाही, ही तक्रार याच्याशी जुळते.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहाची मर्यादा आपल्याला माहीत आहेच. पण त्यात सार्वजनिक जागेच्या आवाजाची मर्यादा मोजायची ती त्या जागेच्या हद्दीवर. म्हणजे काळजी शेजाऱ्यांची आहे. ती हवीच. धोबी तलावच्या रंगभवनातले रॉक शो बंद झाले तेही परिसर शांतता क्षेत्रात आला म्हणून. पण तिकीट काढून आत उभ्या असलेल्याच्या कानाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यासाठी मापदंड सुचवले. सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आत, प्रेक्षकांना इअरप्लग आणि विसाव्यासाठी शांत कोपरा. भारतातल्या आयोजकांवर ते बंधनकारक नाहीत.

तोवर भिस्त इअरप्लगवरच. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१५ साली एका खुल्या मैदानातल्या संगीत महोत्सवात ५१ जणांवर प्रयोग झाला. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटली, प्लगवाल्यांच्या फक्त ८ टक्के. शिट्टी वाजली ती अनुक्रमे ४० आणि १२ टक्के लोकांना.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग स्वस्त असतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचं. फोममुळे गाण्यातली झांज आणि शब्द बसके वाटतात, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळाच आवाज साधारण सारखा उतरवतात. कापसाचे बोळे मात्र जवळपास निरुपयोगी. आणि स्पीकरपासून दहा पावलं मागे सरकायला तर पैसेही लागत नाहीत. हे सगळं विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेसमोरही लागू आहे.

शो झाल्यावर पुढचा दिवस हेडफोन बाजूला ठेवा. शिट्टी दोन दिवसांनंतरही वाजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता जास्त असते.