शैली ओळखा अंतरावरून
कराटे समजून घेताना : लेखांक ४

किहोन, काता आणि कुमिते ही कराटेची तीन अंगं आपण मागच्या लेखात पाहिली. मूळ तंत्रं, ठरलेल्या हालचालींची मालिका आणि जोडीदाराशी लढत हे सगळ्याच प्रमुख शैलींत असतं. तरीही कोथरूडमधल्या शाळेच्या सभागृहातला वर्ग आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीतला वर्ग पाहिला, तर मुलं दोन वेगळ्या विद्या शिकताहेत असं वाटू शकतं. हा फरक समजायचा असेल, तर समोरचा माणूस किती अंतरावर आहे असं धरून सराव चालतो, हे पाहावं.

शोतोकान लांबून लढते. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोत आले आणि कराटे तिथल्या विद्यापीठांत रुजलं. मोठ्या गटाला एका तालावर शिकवायची पद्धत तिथेच घट्ट झाली. पवित्रा लांब व खोल, आणि एका झेपेत अंतर कापून मारलेला पंच. जोडीचा सराव पायरीपायरीने चालतो : आधी सांगून केलेले पाच हल्ले, मग तीन, मग एक, आणि पुढे मुक्त लढत. मुलांना शिस्त आणि अचूकता लवकर येते. मात्र पंच अंगाला लागण्याआधी थांबवायची सवय असल्याने खरा आघात देण्या-घेण्याचा अनुभव कमी मिळतो.

गोजू-र्‍यू जवळून लढते. चोजुन मियागी यांच्या या शैलीचा पाया म्हणजे सानचिन हा काता. पाय जमिनीत रोवून, श्वासावर ताबा ठेवून सावकाश हालचाली करायच्या आणि शिक्षकांनी खांद्यावर, मांडीवर थापा मारून ताकद तपासायची. जोडीला दांड्याला दगडी वजन लावलेलं चिइशी असतं. पेठांतल्या तालमीत मुदगल फिरवलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल. दोघांनी मनगटं भिडवून ढकलाढकलीचा सराव करायचा, त्याला काकिए म्हणतात. इथे प्रगती डोळ्यांना उशिरा दिसते, त्यामुळे पालकांनी धीर धरायला हवा.

शितो-र्‍यूचे केन्वा माबुनी ओकिनावातल्या शुरी आणि नाहा या दोन्ही परंपरांत शिकले. म्हणून या शैलीत लांबचे आणि जवळचे असे पन्नासाहून अधिक काता आहेत आणि सरावाचा मोठा वेळ त्यांना जातो. वादो-र्‍यूचे हिरोनोरी ओत्सुका आधी जुजुत्सू शिकलेले होते. त्यामुळे वार अडवण्यापेक्षा अंग वळवून तो चुकवण्यावर तिथे भर असतो.

क्योकुशिन अंगाला अंग भिडवते. मासुतात्सू ओयामांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या शाळेत छातीवर पूर्ण ताकदीचे पंच आणि मांडीवर लाथा बसतात. दम आणि सोशिकपणा याच सरावातून येतो. पण चेहऱ्यावर पंच मारायला बंदी असल्याने, वेगळा सराव केला नाही तर चेहरा सांभाळायची सवय ढिली राहते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली दिसलेली लढत या सगळ्यांहून निराळी. पंचाला १, धडावरच्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण, आणि आघातावर नियंत्रण सक्तीचं. या स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या वर्गात शैली कोणतीही असो, उड्या, वेग आणि अंदाज यांवरच बहुतेक वेळ जातो.

म्हणजे प्रत्येक शैली काही कमावते आणि काही सोडते. जे सुटतं ते भरून काढणं शिक्षकाच्या हातात असतं. म्हणून मुलाचं नाव घालण्याआधी एक तास वर्गात बसून पाहा. किती वेळ मुलं हवेत हात मारतात आणि किती वेळ जोडीदारासमोर उभी राहतात? पाठ केलेल्या कात्यातली हालचाल जोडीदारावर करून दाखवली जाते का? लहान मुलांना कितपत मार लागू देतात? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा शिक्षक मिळाला, तर शैलीच्या नावाची फार काळजी करू नका.

(पुढील आठवड्यात : बेल्टच्या परीक्षा)