जुनी सायकल आणि आपले माप



आमच्या अहेरीच्या बाजूला सायकल ही काही नवलाईची वस्तू नाही. आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्यावर सकाळी उभे राहिले, की कॅरिअरवर मोळी किंवा धानाचे पोते बांधलेली काळी, भक्कम सायकल आजही दिसते. ती विकत घेताना फारसा विचार करावा लागत नसे. दुकानदार विचारी, "बावीस इंची की चोवीस इंची?" उंच माणूस चोवीस घेई, बाकी सारे बावीस घेत, आणि घरची पोरे त्याच बावीस इंचीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारीत शिकत. त्या बावीस आणि चोवीस या आकड्यांचा अर्थ काय, हे मात्र कोणी विचारीत नसे. तो अर्थ न कळल्यामुळे आमच्या एका विद्यार्थ्याचे तेंदूपत्त्याच्या एका हंगामाचे पैसे कसे अडकले, ती हकीकत आज सांगणार आहे.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने ओलांडण्याची शर्यत एकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर, आणि तेही बारा दिवसांच्या आत. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने तीच शर्यत पुरी केली होती. आपल्याच विदर्भातला माणूस हे करू शकतो, हे ऐकून आमच्या या विद्यार्थ्याने शर्यतीची सायकल घ्यायचे मनात घेतले. बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, गिअरची. नवीची किंमत आवाक्याबाहेरची. म्हणून त्याने मोबाईलवरच्या जुन्या सामानाच्या जाहिराती पाहायला सुरुवात केली. पुण्याच्या एका गृहस्थाची सायकल पसंत पडली. रंग छान, चाके चकचकीत, भाव १८ हजार. पैसे गेले, सायकल आली. बल्लारशापर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने, कारण अहेरीला रेल्वे नाही.

सायकलीत कसलाही दोष नव्हता. विकणाऱ्याने काहीही लपवले नव्हते. फक्त सायकल होती ५६ मापाची, आणि आमचा विद्यार्थी पाच फूट चार इंच उंचीचा. दोन्ही पाय टेकून उभे राहायला गेला तर दांडा जांघेत रुते. हँडल इतके दूर, की त्याचे खांदे कानाशी येत. महिन्याभरात मान आखडली आणि हाताची बोटे बधिर होऊ लागली. त्याला वाटले, सवय नाही म्हणून होते आहे. सवय कशाची होणार? अंगरखा दोन बोटे मोठा असला तर अस्तन्या दुमडता येतात. सायकलीची फ्रेम दुमडता येत नाही.

जुन्या सायकलीचे टायर बदलता येतात, चेन बदलता येते, सीट, हँडल, ब्रेक, सगळे बदलता येते. बदलत नाही ती फ्रेमची लांबी-उंची. म्हणून जाहिरात उघडण्याच्या आधी आपले अंग मोजावे, असे मला वाटते. त्यासाठी काय लागते? एक भिंत, एक जाड पुस्तक आणि शिंप्याची टेप.

अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत वीतभर अंतर ठेवा. पुस्तकाचा कणा वर करून ते दोन्ही पायांच्या मध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने वर ओढा. पुस्तकाची दुसरी कड भिंतीला सरळ चिकटलेली असावी. दुसऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. हे आपले पायाचे माप. पॅन्टच्या आतल्या शिलाईचे माप याच्या जागी चालत नाही, ते नेहमी कमी भरते. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. सारख्या उंचीच्या दोन मुलांच्या पायांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, आणि केवळ उंची विचारून सायकल ठरवणे का चुकते ते मुलांना न सांगता कळते.

आमच्या विद्यार्थ्याचे हे माप निघाले ७६ सेंटिमीटर. शर्यतीच्या सायकलीसाठी या मापाला ०.६५ ते ०.६७ ने गुणतात. उत्तर आले सुमारे ५०. म्हणजे त्याला हवी होती ५० ची फ्रेम, आणि आली ५६ ची. हा आकडा कशाचा? पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. कोणी हीच लांबी वरच्या दांड्याच्या मध्यापर्यंत धरतात, तेव्हा एक-दीड सेंटिमीटरचा फरक पडतो; म्हणून कुठून कुठे मोजले ते विचारून घ्यावे. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे बावीस इंच हेच. बावीसला अडीचने, नेमके सांगायचे तर २.५४ ने गुणा, ५५.९ सेंटिमीटर येतात. म्हणजे आमचा विद्यार्थी नकळत बावीस इंचीच घेऊन बसला होता, आणि तीही अशी, की जिच्यात हँडल हातभर पुढे!

आता यात एक फसवी जागा आहे. अलीकडच्या पुष्कळ सायकलींचा वरचा दांडा आडवा नसतो, तो सीटकडे उतरत येतो. त्यामुळे सीटची नळी आखूड होते आणि ४८ लिहिलेली सायकल प्रत्यक्षात ५२ इतकी लांब असू शकते. कंपन्या तर आकड्यांऐवजी एस, एम, एल अशी अक्षरे लिहितात, आणि एका कंपनीचे एम दुसरीच्या एल एवढे असते. अशा वेळी विकणाऱ्याला आडवे माप मागावे: सीटच्या दांडीच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या मध्यापर्यंत, जमिनीला समांतर, म्हणजे गवंडी लेव्हल लावून पाहतो तसे. पाच फूट चार इंचाच्या माणसाला हे अंतर साधारण ५१ ते ५३ सेंटिमीटर असावे. हँडल धरणारा पुढचा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो बदलून दोन-तीन सेंटिमीटर जुळवून घेता येतात. त्यापलीकडे ओढाताण केली तर सायकल वळताना विचित्र वागू लागते. आमच्या विद्यार्थ्यानेही अकराचा स्टेम काढून आठचा बसवला. हात थोडे सुखावले, दांडा मात्र जागच्या जागी राहिला.

तेव्हा विकणाऱ्याकडून नुसते फोटो मागू नयेत, टेप लावलेले फोटो मागावेत. सीटच्या नळीचे, आडव्या लांबीचे आणि जमिनीपासून वरच्या दांड्यापर्यंतच्या उंचीचे. ही शेवटची उंची आपल्या पायाच्या मापापेक्षा निदान दोन-तीन सेंटिमीटर कमी असावी. जो माणूस दोन मिनिटे खर्चून टेप लावत नाही, त्याची सायकल घेऊ नये.

फ्रेम जुळली की मग तिची प्रकृती पाहायची. हँडलच्या नळीजवळ, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाकडे आणि पायडलच्या आसाच्या सांध्यांपाशी जवळून काढलेले फोटो मागावेत. तिथे रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी रेघ दिसली, तर सायकल समोरून आदळली आहे असे समजून सोडून द्यावी. कार्बनची फ्रेम दूरवरून न पाहता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा आतला तडा फोटोत दिसत नाही. चेनची परीक्षा सोपी आहे. बारा इंचांच्या पट्टीचे शून्य एका पिनवर ठेवले, तर नव्या चेनची पिन बरोबर बाराव्या इंचावर येते. ती एक सोळांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची झाली आहे. एक अष्टमांश सरकली असेल, तर मागचे दातेही बहुधा झिजलेले असतात, आणि तो खर्च भावातून वजा करायला हरकत नाही.

आमच्या भागासाठी टायरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने जातात, तेथे २३ मिलिमीटरच्या टायरवर चालणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे. २८ किंवा ३२ चे टायर बसतील एवढी जागा पुढच्या चिमट्यात आणि मागे आहे का, ते विचारावे. शिवाय या सायकलींच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, तर आपल्या काळ्या अठ्ठावीस इंची चाकाचा ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक! नावाला दोन्ही अठ्ठावीस इंची, पण एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्हही निमुळता, फ्रेंच पद्धतीचा असतो. गावातल्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. सायकलीबरोबर दोन जादा ट्यूब आणि मोटारसायकलचा पंप चालावा म्हणून एक छोटी पितळी टोपी मागवून ठेवावी. नाहीतर भामरागडच्या वाटेवर पंक्चर झाले की सायकल खांद्यावर येते.

पैशांबद्दल थोडेसे. "मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी थोडी रक्कम पाठवा," असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. पायडलच्या आसाखाली फ्रेमवर जो क्रमांक कोरलेला असतो, त्याचा फोटो आणि विक्रीची सहीची चिठ्ठी घ्यावी. हा क्रमांक घासून काढलेला दिसला तर सौदा तिथेच थांबवावा. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असताना तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

सायकल खोक्यातून आली की घाई होते, आणि मग एक चूक हमखास घडते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या पद्धतीने आवळायला गेले की क्रँकचे आटे जातात. डाव्या बाजूला घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचे, एवढे ध्यानात ठेवावे.

मग सीटची उंची. १९८६, १९८९ आणि १९९० साली फ्रान्सची मोठी शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने एक हिशेब प्रसिद्ध आहे: पायाचे माप गुणिले ०.८८३. ही उंची क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायची. ७६ ला ६७.१ सेंटिमीटर येतात. हॅम्ले आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी १९६७ साली दुसरा हिशेब मांडला, की खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या मापाच्या १०९ टक्के असावे. १७ सेंटिमीटरचा क्रँक धरला तर तो ६५.८ येतो. दोन शहाण्यांच्या उत्तरांत सव्वा सेंटिमीटरचा फरक! तेव्हा आकड्याला देव मानू नये. मधली उंची ठेवून भिंतीला टेकून बसावे, टाच पायडलवर ठेवून ते पार खाली न्यावे. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. चालवताना चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप हवी तेवढी वाक राहते. पुढे चालवून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या शिरा ताणल्या तर वर आहे. बदल करायचा तो एका वेळी पाच मिलिमीटरचा. सीटच्या दांडीवर जी किमान खोलीची रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडी मोडण्याची भीती असते, शिवाय फ्रेम आपल्याला लहान आहे असाही त्याचा अर्थ होतो.

ही टाचेची परीक्षा साध्या सायकलीलाही लागू आहे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातील मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यांतल्या पुष्कळ मुली सीट अगदी खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले पाहिजेत असे त्यांना शिकवलेले असते. मग रोजच्या चार-पाच किलोमीटरला गुडघे दुखतात आणि घरचे म्हणतात, सायकल मुलींना झेपत नाही. मास्तरांनी किंवा बाईंनी शाळेत एक पाना ठेवून शनिवारी पंधरा मिनिटे दिली, तर हे दुखणे बरेच कमी होईल. मुलीला थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायला शिकवावे, म्हणजे उंच सीटची धास्ती जाते.

आमच्या विद्यार्थ्याने ती ५६ ची सायकल चंद्रपूरच्या एका उंच तरुणाला विकली. चार हजारांचा तोटा आला. दुसऱ्या वेळी त्याने तीन महिने वाट पाहिली, अकरा जणांना टेप लावलेले फोटो मागितले. चौघांनी पाठवले, आणि त्यांतली एक ५० ची जुळली. रंग तिचा उडालेला आहे, पुढचे चाक त्याला नीट करून घ्यावे लागले. सीट त्याने ६६.५ वर बसवली आहे, आणि कुणी मित्र फेरी मारायला मागून नेतो म्हणून त्या जागी दांडीभोवती विजेच्या तारेची काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण करून ठेवली आहे.