लम्पीची खबर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जनावराच्या अंगावर गाठी उठल्या की ते गोठ्याच्या मागच्या बाजूला बांधून गप्प बसण्याकडे अनेक पशुपालकांचा कल असतो. खबर दिली तर दावणीची सगळी गुरे मारून टाकतील, ही धास्ती त्यामागे असते. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या सरसकट मारून पुराव्या लागल्या होत्या. लम्पी चर्मरोगात मात्र तसे केले जात नाही. आजारी जनावर वेगळे बांधून उपचार होतात आणि बाधित गावाभोवती 5 किलोमीटरच्या टापूतील निरोगी गुरांना लस टोचतात. पहिले आजारी जनावर कोणत्या गोठ्यात निघाले ते वेळेवर कळले, तरच हा टापू आखता येतो. अशा रोगाची खबर देणे 2009 च्या केंद्रीय कायद्यानेही पशुमालकावर बंधनकारक आहे.

बाजारात धडधाकट दिसणारे जनावर निरोगीच, हाही भ्रम. लागण झाल्यावर गाठी दिसायला 4 आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर तग धरतो. साथीत बैलबाजार बंद ठेवतात ते याचसाठी.

सर्वांत चिवट समज लशीबद्दलचा. 2022 च्या साथीत महाराष्ट्रात गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली, तेव्हा ‘शेळीची लस गाईला कशी?’ हा प्रश्न गावोगाव निघाला. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच प्रजातीगटातले असल्याने ती लस लम्पीवरही उपयोगी पडते. पुरेशी प्रतिकारशक्ती यायला मात्र साधारण 3 आठवडे लागतात. लस टोचून 5 दिवसांत गाठी उठल्या, तर लागण बहुधा आधीच झालेली असते. दोष मात्र लशीला लागतो. कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकापुढे लशीची तारीख नोंदलेली असेल, तर हा वाद तिथेच मिटतो. खरे निदान खपली, रक्त किंवा नाकातील स्रावाच्या पीसीआर तपासणीतून होते.

हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे, एवढेच.

मरतूक झाल्यावर कळवण्यात उशीर झालेला असतो. डास, गोमाश्या आणि गोचिडांनी तोवर शेजारची दावण गाठलेली असते. अंगावर पहिली गाठ दिसली की 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि त्या महिन्यात जनावर कुठून आणले, कुठे नेले, तेही सांगावे.