किनेरेतमधली न दिसणारी वस्ती

पावसाळा सुरू झाला की आपण सारे रेडिओला कान लावून बसतो. किनेरेतचे पाणी आज किती सेंटिमीटर चढले? समुद्रसपाटीखाली २१३ मीटरवर असलेली तांबडी रेषा किती दूर राहिली? पाणी किती आहे याची अशी चौकशी रोज होते, पण ते पाणी कसे आहे, हे आपण क्वचितच विचारतो. ते ठरवणारे रहिवासी डोळ्यांना दिसत नाहीत. आज त्यांची ओळख करून घेऊ.

आम्ही इकडे येण्यापूर्वी शाळेत असताना मास्तरांनी तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. स्वच्छ दिसणाऱ्या त्या थेंबात हिरवे धागे होते, वळवळणारे जीव होते. घरी सांगितले, तर त्या दिवसापासून आजी पाणी दुहेरी फडक्यातून गाळू लागली!

किनेरेतच्या थेंबातही अशीच वस्ती आहे. सूक्ष्म शैवाल उन्हावर आपले अन्न तयार करते. इवलाले प्राणी ते शैवाल खातात. त्या प्राण्यांवर लवनून मासा जगतो. मेलेले सारे तळाशी जाते, तिथे जिवाणू ते कुजवतात आणि त्यातले पोषण मोकळे करतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि तळाचे थंड राहते. दोन्ही मिसळत नाहीत, म्हणून तळाचा प्राणवायू संपतो. हनुक्काच्या सुमारास थंडी आणि वारा सुटला की सरोवर ढवळले जाते आणि तळाचे पोषण वर येते.

याच पोषणावर पूर्वी पेरिडिनियम नावाचे शैवाल वाढत असे. एका मिलिमीटरमध्ये सुमारे वीस जीव मावतील, एवढा याचा आकार. अंगावर चिलखत आणि पोहायला दोन बारीक शेपट्या. पुरीमच्या दिवसांत ते वाढू लागे, पाणी तपकिरी दिसे आणि शावुओतच्या सुमारास ते मरून जाई. आपल्या ताटातला गालीलचा अम्नून मासा तेच खाऊन पुष्ट होई. पाण्याचा रंग बदलला तरी या शैवालापासून विषबाधेची भीती नव्हती.

१९६८ साली किनेरेतच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली, म्हणून या वस्तीची नोंद आपल्यापाशी आहे. १९९४ साली तिथे नवा पाहुणा मोठ्या प्रमाणावर दिसला: अफानिझोमेनोन. याला निळे-हिरवे शैवाल म्हणतात, पण खरे पाहता तो जिवाणूच. पाण्यात नायट्रोजन कमी पडला तर तो हवेतला घेतो, म्हणून इतरांची उपासमार होते तेव्हा याचे फावते. शिवाय तो यकृताला अपायकारक असे विष तयार करू शकतो. त्यानंतर पेरिडिनियम दरवर्षी येईनासे झाले. पाण्याची पातळी फार वरखाली होणे, यार्देनमधून येणारे पोषण बदलणे, उष्णता वाढणे, अशी कारणे अभ्यासक मांडतात.

मग घाबरायचे का? नळाला येणारे किनेरेतचे पाणी गाळून, शुद्ध करून, तपासून येते. शिवाय आज आपल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळतो. पण त्यामुळे किनेरेतची काळजी संपत नाही. मासे, पक्षी, कोळी आणि काठचे शेतकरी यांचा आधार तेच सरोवर आहे.

आपण एवढे करू या. नातवंडांना घेऊन सहलीला गेलात आणि काठाला हिरव्या रंगासारखा तवंग दिसला, तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका, कुत्र्यालाही पाजू नका. प्रवेशबंदीची पाटी असेल तर ती पाळा. आणि रेडिओवर सेंटिमीटर ऐकताना नातवंडांना या न दिसणाऱ्या वस्तीचीही गोष्ट सांगा. ती नीट नांदली, तर चढलेल्या पाण्याचा उपयोग.