क्लच गेला, पाय उरला

गणपतीच्या आधी आठ दिवस पाटण तालुक्यातल्या गावोगावी मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसू लागतात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना क्लच नसतो. शहरातल्या कोंडीत रोज क्लच दाबून दाबून गुडघा भरून आला, म्हणून मुलाने ऑटोमॅटिक घेतलेली असते. रात्रभर गाडी चालवून तो गावी येतो, आंघोळ करून झोपतो आणि सकाळी किल्ली वडिलांच्या हातात जाते. वडिलांनी तीस वर्षे जीप आणि ट्रॅक्टर चालवलेला असतो. ‘यात काय अवघड आहे? गिअर टाकायचाच नाही!’ असे म्हणत ते सामान आणायला मल्हारपेठेला निघतात.

गाडी खरोखरच सोपी असते. अवघड असते ती पायाची सवय.

पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स काही आजचा नाही. जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांमध्ये दिला होता. आपल्याकडे मात्र अनेक वर्षे ही चैन महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ ‘एएमटी’सह आली आणि क्लच नसलेली गाडी साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीसारखेच असतात, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. म्हणजे क्लच गाडीत असतो, पायाखालचे पेडल तेवढे नाहीसे होते.

नेमकी तिथेच पहिली चूक होते. तीस वर्षे डाव्या पायाला एकच काम ठाऊक असते. गाडी थांबवायची वेळ आली की तो आपोआप, जोरात आणि पूर्ण खाली जातो. ऑटोमॅटिक गाडीचे ब्रेक पेडल रुंद असते, म्हणून डावा पाय नेमका त्याच्यावर पडतो. क्लचच्या जोराने दाबलेला ब्रेक गाडी जागच्या जागी उभी करतो. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या आजींचे कपाळ पुढच्या सीटवर आपटते आणि मागून येणारी दुचाकी डिकीवर आदळते. उपाय साधा आहे. गाडीत बसल्यावर डावा पाय डावीकडच्या पाय ठेवायच्या जागेवर न्यावा, तशी जागा नसेल तर सीटखाली मागे ओढून घ्यावा, आणि उतरेपर्यंत तिथेच ठेवावा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर ही दोन्ही कामे एकट्या उजव्या पायाची. ‘डावा ब्रेकला, उजवा अॅक्सिलरेटरला’ अशी वाटणी करणारे काही जण भेटतात. ती सोयीची वाटते, पण दचकल्यावर दोन्ही पाय एकदम दाबले जातात.

दुसरी चूक याहून घातक आहे. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला जातो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडीच्या एका ऑटोमॅटिक गाडीबद्दल ‘ब्रेक दाबला तरी ती आपोआप उधळते’ अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा यंत्रणेने १९८९ मध्ये अहवाल दिला. गाडी थांबायला तयार नव्हती अशा घटनांमागे बहुतेक वेळा चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर होता, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी शरीराच्या हालचालींचे अभ्यासक रिचर्ड श्मिट यांनी असे का होते, याची मांडणी केली. पेडल शोधताना आपण पायाकडे पाहत नाही. मेंदू आधीच ठरलेला एक आदेश पाठवतो आणि पाय अंदाजाने जागेवर पडतो. हजारो वेळा तो बरोबर पडतो, एखाद्या वेळी दोन-तीन इंच चुकतो. चूक झाल्याचे मेंदूला कळत नाही, कारण त्याच्या हिशेबी त्याने ‘ब्रेक’ हाच आदेश दिलेला असतो. गाडी उसळली की त्याला वाटते, ब्रेक लागत नाही, आणखी दाबा. पाय आणखी खाली जातो. अशा घाबरलेल्या अवस्थेत माणूस कित्येक सेकंद तेच पेडल दाबून धरतो. म्हणूनच अपघातानंतर चालक शपथेवर सांगतो की मी ब्रेकच दाबला होता. तो खोटे बोलत नसतो.

जपानमध्ये २०१९ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाकडून अशीच चूक झाली आणि एक आई व तिची लहान मुलगी मृत्युमुखी पडली. त्यानंतर तिथे वयस्क चालकांच्या परवान्यांची चर्चा घरोघरी झाली. अशी चूक ओळखून गाडीचा वेग रोखणारी यंत्रणा नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना २०२८ पासून सक्तीची करण्याचे जपानने ठरवले आहे. पण ही चूक केवळ म्हाताऱ्यांची नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत अगदी कोवळे, नवशिके चालकही अशा अपघातांत मोठ्या प्रमाणात आढळले. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर रिव्हर्स गिअरमधली मोटार मागे जात जात दरीत कोसळली आणि ती चालवणाऱ्या तेवीस वर्षांच्या तरुणीचा जीव गेला. ‘क्लच, क्लच’ असा ओरडा त्या चित्रफितीत ऐकू येतो. क्लच असलेल्या गाडीत निदान असे ओरडून सांगता तरी येते. ऑटोमॅटिकमध्ये ती वाट नसते. तिथे दोनच गोष्टी करायच्या असतात. आधी पाय पूर्ण उचलायचा आणि मग ब्रेक शोधून एकदाच घट्ट दाबून धरायचा, पंप करायचा नाही. तरीही गाडी ओढत असेल तर दांडी ‘एन’वर न्यायची. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. चाकांकडे जाणारी ताकद तुटलेली असते.

ही चूक भर रस्त्यापेक्षा गाडी लावताना किंवा मागे घेताना जास्त होते, आणि याचे कारण पुन्हा शरीरात आहे. मागे पाहायला कंबरेतून वळले की उजव्या पायाची टाच जागेवरून सरकते. मान आखडलेली असली तर माणूस अधिकच वळतो आणि टाच अधिकच सरकते. त्यामुळे टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली असावी आणि तिच्यावरच पंजा फिरवून अॅक्सिलरेटर दाबावा. गाडी मागे घेताना तर पाय ब्रेकवरच ठेवावा. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सैल केला की आपोआप सरकते, आणि तेवढा वेग मागे घ्यायला पुरतो. पावसाळ्यात चिखलाने निसरडी झालेली चप्पल आणि पायापाशी घरंगळणारी पाण्याची बाटली या दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्यात.

मधुमेहाच्या रुग्णाला दवाखान्यात डोळे तपासले का, हे बहुतेक वेळा विचारले जाते. गाडी चालवता का, हे क्वचितच विचारले जाते. खरे तर मधुमेह जुना झाला की तळपायाच्या नसा बधिर होतात. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असे रुग्ण स्वतःच सांगतात. अशा पायाला आपण कोणत्या पेडलवर आहोत आणि किती दाबतो आहोत, हे कसे कळणार? दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या एका धाग्याने तळपायाची संवेदना दोन मिनिटांत तपासता येते. तपासणीत ती कमी निघाली तर ड्रायव्हिंगचा विषय डॉक्टरांकडे काढावा, लाजू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने निघण्याआधी साखर पाहावी. ती नव्वदच्या खाली असेल तर आधी काही खावे आणि साखर वर आल्यावरच किल्ली हातात घ्यावी. साखर घसरताना प्रथम निर्णयशक्ती जाते, म्हणजे ‘मला काही झालेले नाही’ असेच माणसाला वाटत राहते.

गुडघा बदललेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अर्धा सेकंद उशीर म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगात आठ मीटरहून जास्त अंतर. एसटी थांब्यावर उभे असलेले माणूस आणि गाडीचे बंपर यांत कधीकधी तेवढेच अंतर असते. शस्त्रक्रिया डाव्या गुडघ्याची असेल तर ऑटोमॅटिक गाडी लवकर चालवता येते. डावा पाय पोलिओने अधू असलेल्यांना तर या गाडीने मोकळे केले आहे. पण ट्रॅमाडॉलसारखी गुंगी आणणारी वेदनाशामके चालू असेपर्यंत कोणताच गुडघा मोजायचा नाही. सर्दीच्या गोळीचेही तेच. सेट्रिझिनसुद्धा काहींना झोप आणते, आणि ऑटोमॅटिक गाडीत हातापायांना काम कमी असल्याने डुलकीला वाट मोकळी मिळते.

आता घाट. पाटणहून कोयनानगरवरून चिपळूणला जाणारा रस्ता घाटमाथ्यावर कणसे आणि भजी खाऊन कुंभार्ली घाटाने खाली उतरतो. याच डोंगराच्या पोटातून कोयनेचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली पोफळीला पडते आणि कोयना प्रकल्पाची वीज तयार होते. या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. उतरणाऱ्या गाडीलाही तोच नियम लागू होतो. बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली आली की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. वीस लिटर गार पाणी उकळीला येईल इतकी ही उष्णता आहे. पायाने सतत ब्रेक दाबून उतरलात तर तिचा बहुतेक भाग ब्रेकच्या तबकड्यांत शिरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे ‘डॉट ३’ ऑइल २०५ अंशांच्या आधी उकळत नाही, पण ओलावा शिरलेले १४० अंशांनाही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि थेट तळाला जाते. जळका वास आला तर ती त्याआधीची सूचना समजावी. रुंद जागा पाहून गाडी थांबवावी, वीस मिनिटे गार होऊ द्यावी, चाकांवर पाणी मात्र ओतू नये. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात ते गॅरेजवाल्याचा धंदा व्हावा म्हणून नाही.

जुन्या चालकाला हे ठाऊक असते. तो घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. उतारावर बैल जसे गाडीचा भार मानेवर घेऊन रोखून धरतात, तसे इंजिन गाडीला रोखते. ऑटोमॅटिकमध्ये हाच माणूस ‘डी’वर भरवसा ठेवतो आणि फसतो, कारण उतार लागल्यावर बऱ्याच गाड्या ‘डी’मध्ये वरचा गिअर घेतात आणि मोकळ्या सुटतात. यासाठी दांडीवर ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा हाताने गिअर बदलण्याचा ‘एम’ असतो. उतार सुरू होण्याआधी, वेग कमी असतानाच तो घ्यावा. ज्या गिअरने गाडी चढते, त्याच गिअरने उतरावी हा जीपच्या काळातला नियम इथेही चालतो. जीपच्याच काळातली दुसरी सवय मात्र सोडावी. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी आज काहीच वाचवत नाही. आताची इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. चढावर थांबायची वेळ आली तर गाडी अॅक्सिलरेटरवर झुलवत ठेवू नये. एएमटीचा क्लच त्यात जळतो.

उतरून फोटो काढायच्या जागा या तालुक्यात कमी नाहीत. सडावाघापूरच्या पठारावर वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहायला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. जुलै २०२५ मध्ये त्याच वाटेवरच्या टेबल पॉइंटजवळ एक तरुण मोटारीसह दरीत कोसळला आणि सुदैवाने वाचला. ओल्या गवतावर चाके धरत नाहीत, तिथे गिअरबॉक्स कोणता हा प्रश्नच उरत नाही. पण उतारावर गाडी लावताना तो उरतो. ‘पी’वर टाकले की गिअरबॉक्समधला एक छोटा दात अडकतो आणि गाडी त्या दातावर उभी राहते. आधी पायाचा ब्रेक दाबून ‘एन’ करावे, हँडब्रेक ओढावा, पाय सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि मग पुन्हा पाय दाबून ‘पी’ करावे. बऱ्याच एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतोच. त्या हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवूनच बंद करायच्या असतात, म्हणून मुंबईच्या गाडीचे पुस्तक एकदा वाचावे. हॉलिवूडचा तरुण नट अँटन येल्चिन जून २०१६ मध्ये घराच्या उतारावर स्वतःच्याच मागे घरंगळलेल्या गाडीने चिरडला गेला. त्या गाडीची दांडी ‘पी’वर गेली की नाही हे चटकन कळत नसे, आणि कंपनीने त्या गाड्या परत बोलावण्याची घोषणा त्याआधीच केली होती. इंजिन चालू ठेवून, दार उघडे टाकून देवाला हात जोडायला उतरणारे आपल्याकडेही दिसतात. इंजिनाचा आवाज इतका कमी असतो की गाडी चालू आहे हेच विसरायला होते, आणि मागे एखादे पोर पुढच्या सीटवर चढून दांडीशी खेळू लागते.

किल्ली देताना मुलाने वडिलांना तासभर दिला तर बरेच काम होते. शाळेचे मैदान सकाळी रिकामे असते. डावा पाय मागे ओढून दहा वेळा पुढे जायचे आणि थांबायचे, दहा वेळा मागे घ्यायचे, समोर रिकामे खोके ठेवून त्याच्या हातभर आधी थांबायचे. पाचव्या-सहाव्या वेळेला डावा पाय पुन्हा क्लच शोधतो. तेव्हा हसावे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.